धूर धुण्याची किंमत

कोराडी
१७ मार्च १९८५

ती. दादा,

गोपिकाचा जय भीम. वहिनीलाही सांगा. आज जे पाहिलं ते आजच लिहून टाकते, उद्या माझं मलाच खरं वाटायचं नाही.

ह्यांनी कोळशाच्या डेपोवरचं काम सोडून तीन महिने झाले. छातीत धूळ बसली आहे, आता धुळीत गेलात तर पुढं माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. आता ह्यांचं काम वीजकेंद्राच्या पलीकडे माळावर एक पत्र्याची शेड आहे, तिथं. सरकारी पैशातून दोन वर्षांचा प्रयोग चालला आहे. रोजंदारीच आहे, पण काम नळ आणि काटे बघण्याचं, धुळीपासून लांब. साहेब मनोहरराव म्हणून आहेत, स्वभावानं गरीब. आज त्यांनी सगळ्यांच्या घरच्यांना बघायला बोलावलं.

दादा, तिथं कोळसा जाळत नाहीत! दोन मजले उंच लोखंडी पीप आहे. त्यात कोळसा घालतात आणि त्याला हवा अर्धपोटीच देतात, सोबत वाफ. धड जळता येत नाही म्हणून त्याचा गॅस होतो. तो गॅस एका उंच मनोऱ्यात खालून वर चढतो आणि वरून त्याच्यावर औषधाचं पाणी पडतं, न्हाणीत डोक्यावरून पडावं तसं. धुरातला जो कर्बवायू असतो तो जळायच्या आधीच धुऊन निघतो. उरलेल्या गॅसवर इंजिन चालतं, त्याची वीज होते. इंजिनातून जी गरम हवा सुटते तिच्यावर पाणी उकळून आणखी थोडी वीज. एकाच कोळशाकडून दोनदा काम करून घेतात. भाताच्या पेजेत मी वरण शिजवते म्हणून तुम्ही मला चिकट म्हणता ना? हे माझ्याहून वरचढ निघाले.

एका काचेतून ज्योत दाखवली. मला वाटलं विझली आहे. काहीच दिसेना. साहेब म्हणाले, "नीट पाहा, घाई करू नका." मग फिक्या निळ्या रंगाचं काहीतरी थरथरताना दिसलं. जन्मभर कोळसा पेटवला दादा, पण कोळशाच्या पोटात हा रंग असेल असं कधी मनातही आलं नाही.

मग धुऊन काढलेला वायू त्यांनी चुन्याच्या निवळीत सोडला. पाणी दुधासारखं पांढरं. दुसरा पेला घेतला आणि ह्यांना म्हणाले, "ताराचंद, फुंका." ह्यांनी नळीतून फुंकलं. तीन दमांत फुंकावं लागलं, मी मोजत होते. तेही पाणी पांढरं झालं! तेच, दादा. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं जमिनीत गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला, त्यातून जे निघालं तेच ह्यांच्या छातीतून निघालं. मला एकदम हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून नुसती उभी राहिले.

शेजारच्या अंजनाबाईनं परत येताना सगळ्यांसमोर म्हटलं, "अवं गोपिका, तुया नवरा धूर धुते, मंग तू काय करतं? वाळू घालतं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

आता मुख्य गोष्ट. कोळशात शंभर भाग उष्णता असेल तर जुन्या पद्धतीच्या चांगल्या केंद्रात तीस भागाची वीज हाती येते. बाकीची जाते. ह्या शेडमध्ये न धुता तेहतीस आली, ती हिवाळ्यात मोजली. धुऊन अठ्ठावीस आली तर जूनमध्ये समिती प्रयोग पास करणार आणि इथली माणसं कायम होणार. नाही आली तर शेड बंद. मग ह्यांना पुन्हा डेपो. अठ्ठावीस हा आकडा मी देव्हाऱ्यावर बुद्धांच्या तसबिरीखाली खडूनं लिहिला आहे. असं करू नये, पण लिहिला.

गोपिका

०

सावरगाव, ता. नरखेड
२६ मार्च १९८५

चि. गोपिका,

जय भीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र शाळेत आलं, मधल्या सुट्टीत वाचलं. मुलं गोंगाट करत होती, मी दोनदा गप्प बसवली.

तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं तर म्हणते, "धूर धुता आला असता तर मी चुलीपाशी साबण नसता का ठेवला?" मी तिला समजावून सांगायला गेलो आणि अर्ध्यात माझंच अडलं. म्हणून विचारतो. तो वायू धरला हे ठीक. धरून ठेवता कुठं? रोज निघत असेल, मावणार कशात? आणि धुण्याला काही खर्च येतच असेल ना? तेहतीसाचे अठ्ठावीस झाले तरी चालतील म्हणतात, याचाच अर्थ ती धुलाई पाच भाग खाऊन राहिली. साहेबांना विचार. लाजू नको. शाळेत तू प्रश्न विचारायला लाजायची आणि घरी येऊन माझं डोकं खायची.

ताराचंदरावांना सांग, छाती सांभाळा.

बळीराम

०

कोराडी
२० एप्रिल १९८५

ती. दादा,

तुमचे दोन्ही प्रश्न साहेबांना विचारले. ते रजिस्टर घ्यायला घरी आले होते. (ह्यांचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून रोजचे आकडे मी पक्क्या वहीत उतरवून देते. साहेबांना माहीत आहे. ते म्हणतात, उतरवा, फक्त काही बदलू नका.)

ठेवता कुठं, असं म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, सध्या धरतो आणि सोडून देतो." मी म्हटलं, "मंग धरता कायले?" ते म्हणाले, पुढं कधीतरी माणसं तो जमिनीत खोल पुरतील, रिकाम्या खाणीत, खडकाखाली. सगळं जग कोळसा जाळत राहिलं तर हवा तापत जाईल, असं काही शास्त्रज्ञ म्हणून राहिले. ती वेळ आली तर धरायला किती खर्च येतो ते कुणाला तरी माहीत असावं, म्हणून हा खटाटोप. जे अजून घडलं नाही त्याचा हिशेब ही माणसं आज मांडून ठेवतात, दादा. मी तर पुढच्या महिन्याच्या रॉकेलपलीकडे जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. धुलाई पाच नाही, आठ खाते. ते औषधाचं पाणी पुन्हा वापरायचं तर तापवावं लागतं, त्यात वाफ जाते. तीन आठवडे आकडा पंचवीसच येतो आहे. वर सरकत नाही. साहेब नट आवळतात, झडपा बदलतात, पुन्हा पंचवीस.  काल मी भाजीला मीठ घातलंच नव्हतं, तरी ह्यांनी तशीच खाल्ली.

गोपिका

०

सावरगाव
२७ एप्रिल १९८५

चि. गोपिका,

मला यंत्रातलं कळत नाही. भागाकारातलं कळतं. उत्तर कमी आलं की सगळी मुलं वरचा आकडा तपासतात. तुम्ही सगळे वीज किती निघाली तेच बघून राहिले. खालचा आकडा कोणी पाहिला? कोळसा किती गेला, हे कोणी, केव्हा, कसं मोजलं? बाकी तुला सांगायला नको.

बळीराम

०

कोराडी
६ मे १९८५

ती. दादा,

तुमच्या पाया पडते. शाळेतल्या त्या छडीच्याही पडते.

परवा बुद्ध पौर्णिमा होती. विहारातल्या खिरीसाठीचा कोळसा यंदा माझ्याकडे होता. नागपुरातल्या जरीपटक्याच्या दुकानातून एक मण, म्हणजे चाळीस किलो आणला. तो दुकानदार पोत्यांवर पाणी मारतो हे सगळ्यांना माहीत आहे. "धूळ बसावी म्हनून मारतो, बाई," म्हणतो. त्याला धुळीची इतकी काळजी! मी नेहमीच असा कोळसा अंगणात पसरते, दोन दिवस वाळवते आणि पुन्हा मोजते, म्हणजे किती नाडलं ते कळतं. पस्तीस किलो भरला, वर दोन मुठी. पाच किलो पाणी मी कोळशाच्या भावानं घेतलं.

काटा हातात होता आणि तुमचं पत्र आठवलं. हे ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "शेडमध्ये कोळशावर पानी मारता का जी?"

"मारतो ना. मार्चच्या शेवटापासून. साहेबानं माझ्या खोकल्यापायी सुरू केलं."

"मोजता केव्हा? मारायच्या आधी का मंग?"

हे उठले. चप्पल घातली, तशीच सायकल काढली.

तासाभरात साहेब स्वतः आले. माझ्या अंगणात गोणपाटावर पसरलेल्या कोळशापाशी उकिडवे बसले. उन्हानं डोकं फुटत होतं, तरी हलेनात. कोळशात उष्णता किती हे बघायला नमुना पहाटे काढतात, कोरडा. वजन होतं दहा वाजता, पाणी मारल्यावर. म्हणजे सव्वा महिना ते पाण्यालाही कोळसा समजून राहिले! त्या दिवशी शेडमधला कोळसा वाळवून पाहिला. शंभरात बारा पाणी.

साहेबांनी माझ्याच पाटीवर गणित केलं. पंचवीस नाही, अठ्ठावीस आणि वर थोडं. दोनदा केलं. मग पाटी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही करा." माझंही तेच आलं.

आपल्या खोकल्यावरची दया सगळ्या कारखान्याच्या उरावर बसली होती, असं हे म्हणाले आणि खूप हसले. हसता हसता खोकला आला, तरी हसत होते.

गोपिका

०

सावरगाव
१२ मे १९८५

चि. गोपिका,

शाळेला सुट्टी आहे, नाहीतर सगळ्या वर्गाला गूळ-शेंगदाणे वाटले असते. तरी विहारापाशी चंपतराव आणि मंडळी बसली होती त्यांना सांगितलंच. जावई जूनमध्ये कायम होऊन राहिले, आणि ते कोणामुळं, तर आमच्या मॅट्रिक पास गोपिकामुळं. चंपतराव म्हणे, "मास्तर, तुमची बहीण इंजिनेराले शिकवते का गा?" मी म्हटलं, कोळसा वाळवायला शिकवते. वहिनी तुला लुगडं पाठवणार आहे.

बळीराम

०

कोराडी
२१ मे १९८५

ती. दादा,

लुगडं पाठवू नका. थोडं थांबा.

समितीला द्यायचा अहवाल मी उतरवते आहे. छप्पन्न पानं झाली. मनोऱ्यावर औषधाचं पाणी चढवणारा मोठा पंप आहे, तो रोज किती तास चालला ते लिहिलं आहे. पण त्यानं वीज किती खाल्ली, ते कुठंच नाही. सगळी पानं उलटून पाहिली. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तो पंप बाहेरच्या तारेवर आहे. शेड उभी राहिली तेव्हा स्वतःची वीज नव्हती, म्हणून बाहेरून तार घेतली. नंतर सगळं आतल्या विजेवर आलं, पंप तेवढा राहून गेला. त्याचा मीटर मागच्या भिंतीवर आहे. तिकडे कोणी जात नाही.

ह्यांना मी मीटर बघून यायला सांगितलं. आकडे आणून दिले आणि अंगणात जाऊन बसले. मी हिशेब केला. शंभरातले तीन. ते वजा केले तर पंचवीस आणि वर थोडं.

दादा, म्हणजे धुलाई आठच खाते. एक चूक आकडा खाली ओढत होती, दुसरी वर उचलत होती, आणि दोघींनी मिळून जवळजवळ खरंच दाखवलं होतं. पहिली मी काढली. दुसरी राहू दिली तर आम्ही तरतो.

साहेबांच्या हे लक्षात नाही. लक्षात आणून द्यायचं का? अहवाल माझ्या अक्षरात आहे. रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की माझा आवाज बारीक होतो. ह्यांची छाती रात्री शिट्टी वाजवते ती वेगळीच. काय करू ते लिहा. लवकर लिहा.

गोपिका

०

सावरगाव
२४ मे १९८५

गोपिका,

नीट ऐक. तुला कोणी विचारलं? तू पगारी नाहीस, इंजिनिअर नाहीस. जे दिलं ते उतरवलं. मीटर भिंतीवर आहे, ज्याला बघायचा तो बघेल. समितीत मोठी माणसं आहेत, त्यांचं काम त्यांना करू दे.

तीन भागांनी जगाची हवा बिघडणार नाही. डेपोवर परत गेले तर ताराचंदरावांची किती वर्षं राहतील, हा हिशेब आधी मांड. तू लहान होतीस तेव्हापासून खरं बोलण्याचा ताठा तुझ्यात आहे. तो मीच शिकवला, म्हणून मीच सांगतो, ह्या वेळेला गप्प राहा. वहिनीचंही हेच म्हणणं आहे.

बळीराम

०

कोराडी
२८ मे १९८५

ती. दादा,

तुमचं पत्र आज आलं. काल हे स्वतः जाऊन साहेबांना सांगून आले. मला न विचारता.

संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, म्हणाले, "सांगून टाकलं." मी म्हटलं, "कायले सांगितलं जी? मी दादाले पत्र टाकलं होतं ना." तर म्हणाले, "मशीन हवा धुऊन काढते, अन् तिची वही मळकी? मले ते पटे ना." एवढंच. मग चहा मागितला.

मला भांडायचं होतं. तुम्ही लिहिलेलं सगळं माझ्याही मनात होतं, दादा. पण चहा करता करता वाटलं की हा माणूस रोज त्या निळ्या ज्योतीसमोर उभा राहतो. मी एकदाच राहिले होते.

साहेबांनी छप्पन्नपैकी अकरा पानं परत लिहायला दिली आहेत. समिती बारा जूनला येते.

गोपिका

०

सावरगाव
२२ जून १९८५

चि. गोपिका,

समिती येऊन गेली असेल. तुझं पत्र नाही. रोज पोस्टमनची वाट पाहतो, तो दुरूनच हात हलवतो.

मी मागं लिहिलेलं ते पत्र फाडून टाक. पाचवीच्या मुलांना मी खोट्या उत्तराला शून्य देतो आणि बहिणीला खोटं उत्तर चालू दे म्हणून लिहिलं. तुझ्या नवऱ्यानं मला शून्य दिलं. बरं केलं.

आता कामाचं. गावाच्या नळयोजनेवर पंप चालवणारा पाहिजे. पगार कमी आहे, पण सभोवार संत्र्याची झाडं, धूळ नाही. ग्रामपंचायतीत मी शब्द टाकून ठेवला. चंपतरावानंही टाकला, मी न सांगता. ताराचंदरावांना विचार. दोन खोल्या आमच्याकडे रिकाम्या आहेत.

बळीराम

०

कोराडी
३ जुलै १९८५

ती. दादा,

उशीर झाला, रागावू नका. ते पत्र मी फाडलं नाही. त्यात तुम्ही ह्यांच्या छातीची काळजी केली होती, ते कसं फाडू?

समितीत तिघं होते. सगळा दिवस बसले. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ओला कोळसा आणि बाहेरची तार, ह्या दोन चुका कोणी काढल्या? साहेबांनी ह्यांचं आणि माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, आकडा खरा आहे म्हणून आम्हाला ठरवता येतं. आणि ठरवलं ते असं, की आज देशात घरोघरी दिवा नाही, त्यात शंभरातले आठ भाग धूर धुण्यात घालवायची आपली ऐपत नाही. काम थांबवा. यंत्रांना ग्रीस लावून झाकून ठेवा. पुढं कोणाला लागलीच तर किंमत लिहिलेली आहे.

हे सगळं साहेबांनी ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा ह्यांच्यापेक्षा जास्त पडला होता. हे म्हणाले, "साहेब, बंद करायच्या आधी एकदा ते बाहेरची तार काढून पाहू ना. सगळं मशीनच्याच भरोशावर." साहेबांनी हो म्हटलं.

ते काल झालं. आम्हा घरच्यांना पुन्हा बोलावलं होतं. ह्यांचे हात झडपेवर असणार, म्हणून वही-पेन माझ्याकडे. साहेबांनी सांगितलं, दर पाच मिनिटांनी मी आकडा बोलेन, तुम्ही उतरवा.

अकरा वाजता ह्यांनी मागच्या भिंतीवरचा खटका ओढला. पंपाचा आवाज बसला. मनोऱ्यातलं पाणी थांबलं.  अंजनाबाई पुटपुटली, "गेली वं माय." मग ह्यांनी पंप आतल्या विजेवर टाकला. इंजिन कण्हलं. सगळं लोखंड एकदा हादरलं, माझ्या पायाखालची फरशीसुद्धा. शेडमधले दिवे तांबूस झाले, बिड्यांच्या टोकांसारखे. ह्यांचा हात झडपेवर, डोळे काट्यावर. थोडी झडप उघडली, थांबले, आणखी थोडी. कोणी श्वास घेत नव्हतं, ह्यांचा तेवढा ऐकू येत होता.

आणि मनोऱ्यात पाणी पडायला लागलं, दादा. आधी थेंब थेंब, मग धो धो. दिवे हळूहळू वर आले. पूर्वीइतके नाही, पण आले आणि तिथंच ठरले. ती मशीन स्वतःचा कोळसा स्वतः शिजवत होती, स्वतःच धुवत होती, स्वतःचं पाणी स्वतः चढवत होती आणि त्यातून उरलेलं आम्हाला देत होती. बाहेरची एक तार नाही. काचेतली ज्योत जागची हलत नव्हती. हे तिथून मागं सरकले आणि साहेबांनी, एवढ्या मोठ्या माणसानं, डोक्यावरची लोखंडी टोपी काढून हातात धरली.

सव्वा तास चालली. मग कोळसा संपला.

घरी येऊन ह्यांना तुमचं नळयोजनेचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "पानी चढवनंच आहे ना? येते मले." सोमवारी सकाळच्या एस्टीनं निघतो. चार पोती सामान आहे.

निघण्याआधी वही साहेबांना द्यायची म्हणून आत्ता उघडली. कालची तारीख माझ्या अक्षरात आहे, रकाने आखलेले आहेत, वेळ अकरापासून पाच-पाच मिनिटांनी मांडून ठेवली आहे. साहेब एकदाही आकडा बोलले नाहीत. मीही विचारला नाही. सव्वा तासाचे सगळे रकाने कोरे आहेत.

गोपिका